पांगाऱ्याच्या देशातून

मॉन्टेव्हिडिओ, मार्च

इकडे उन्हाळा सरत आलाय आणि शाळा उघडल्यात. सकाळी बसथांब्यावर गुडघ्यापर्यंत पांढरा डगला घातलेली, गळ्याशी भलामोठा निळा बो बांधलेली पोरं उभी असतात. दुरून वाटतं, डॉक्टरांची चिमुकली पलटण कामावर निघालीय. सरकारी शाळेचा हा गणवेश. कपड्यावरून कुणाचं घर ओळखू येऊ नये, हा त्यामागचा आग्रह. १८७७ सालीच होसे पेद्रो वारेला यांच्या पुढाकारानं इथे मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला होता.

उरुग्वे म्हटलं की आपल्याकडे फुटबॉल आठवतो आणि गाडी तिथेच थांबते. देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. आपला एकटा रायगड जिल्हा २०११च्या जनगणनेत सव्वीस लाखांवर होता. जमीन मात्र अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त, त्यामुळे माणसं विरळ आणि गुरं माणसांच्या तिपटीहून अधिक. टीसीएसनं २००२ मध्ये इथे कचेरी थाटली, म्हणून माझ्यासारखी माणसं इथवर पोचली. माझं भिवपुरी कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी सांगतो: मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी नळांतून घाट उतरतं, खाली १९२२ सालचं वीजघर आहे, त्या विजेवर मुंबई चालायची. हे इथल्या लोकांना चटकन कळतं. त्यांचाही देश मुख्यत: पाण्यावर आणि वाऱ्यावर उजळतो. त्याच वीजघराच्या आसपासच्या ठाकूरवाड्यांवर वीज किती उशिरा पोचली, हे मात्र समजावून सांगावं लागतं.

इथलं राष्ट्रीय फूल सेइबो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, ‘अरे, हा तर पांगारा!’ अगदी पांगारा नव्हे, पण त्याच्याच कुळातला, तसाच लालभडक. सेइबोच्या रानाला म्हणतात सेइबाल. इथल्या शिक्षणाच्या ज्या योजनेबद्दल हे पत्र लिहितोय तिचं नाव तेच: प्लॅन सेइबाल.

मे २००७ मध्ये फ्लोरिदा प्रांतातल्या विशा कार्दाल नावाच्या गावातल्या शाळेत (दोन ‘एल’चा उच्चार इथले लोक ‘श’ करतात) सुमारे दीडशे मुलांना एकेक लॅपटॉप मिळाला. हिरवा-पांढरा, खेळण्यासारखा, सशासारखे दोन कान असलेला. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपोंटे यांच्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या खटाटोपातून निघालेलं ते यंत्र. तेव्हाचे अध्यक्ष ताबारे वास्केस यांनी शब्द दिला होता की सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते मिळेल. २००९ संपायच्या आत तो पाळला गेला. साडेतीन लाखांवर मुलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. पोरांनी यंत्राला लाडानं नाव दिलं, सेइबालिता.

आता आपल्याकडची गोष्ट. हेच हिरवं यंत्र त्याच वर्षी, २००७ मध्येच, आपल्या रायगड जिल्ह्यात आलं होतं. खैराटच्या धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या वीसेक पोरांच्या हाती. इथल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते मॉन्टेव्हिडिओत येऊनच कळलं. आपल्या केंद्र सरकारनं आदल्याच वर्षी ही कल्पना नाकारली होती. खैराटचा प्रयोग प्रयोगच राहिला.

नकार देणारे अगदीच चुकले होते असं मी म्हणणार नाही. मुलाच्या हाती यंत्र द्या, मोठ्यांनी मधून बाजूला व्हा, बाकीचं मूल शिकून घेईल, ही त्या खटाटोपामागची श्रद्धा होती. उरुग्वेनं ती पडताळून पाहिली. २०१३ मध्ये इथल्याच विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. निष्कर्ष: लॅपटॉपमुळे वाचनात फरक नाही, गणितात फरक नाही. यंत्रं मोडत होती तीही ढिगानं. पडदा फुटला, बटणं निघाली, चार्जर हरवला.

आपल्याकडे अशा वेळी एक चौकशी समिती बसली असती आणि योजना नव्या नावानं पुन्हा सुरू झाली असती. इथे योजनेचं नाव तेच राहिलं, काम बदललं. मोडलेलं यंत्र पोस्टानं दुरुस्तीला पाठवायची सोय होतीच. दुरुस्तीची फिरती गाडी गावोगाव जाऊ लागली. राष्ट्रीय विद्यापीठानं २००८ पासून ‘फ्लोर दे सेइबो’ नावाचा उपक्रम चालवला. त्यात वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी प्राध्यापकांसोबत वस्त्यांवर जाऊन मुलांजवळ, घरच्यांजवळ बसत. २०१३ मध्येच गणिताचं असं सॉफ्टवेअर आलं, जे मुलाची चूक बघून पुढचं गणित देतं. त्यावर पुढे झालेल्या अभ्यासात सुधारणा दिसली आणि ती गरीब घरांतल्या मुलांत अधिक होती.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इंग्रजीच्या तासाची आहे. देशात इंग्रजी शिकवणारे पुरेसे नव्हते. म्हणून २०१२ पासून ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीनं आठवड्यातून एक तास मोठ्या पडद्यावरून दूरची शिक्षिका शिकवते. कधी ब्युनोस आयर्सहून, कधी थेट फिलिपिन्सहून. उरलेले दोन तास वर्गातल्या नेहमीच्या बाईंनी घ्यायचे, आणि त्या बाईंना इंग्रजी येत असलंच पाहिजे अशी अट नाही! मुलं विचारतात, ‘मायेस्त्रा, याचा उच्चार काय?’ बाई म्हणतात, ‘चला, शोधू या.’ आपण आयुष्यभर असे गुरुजी पाहिले ज्यांना सगळं येत होतं, निदान येत असल्याचा आव होता. मुलांसमोर शिकणारा मोठा माणूस बघायला मिळणं, स्वयंअध्ययनाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा यंत्रं मुलांच्या घरी होती, धडे ठेवायची जागा तयार होती, शिक्षकांच्या हाताला सवय होती. तरीही या देशानं पडद्यावर भिस्त ठेवली नाही. २२ एप्रिललाच खेड्यांतल्या छोट्या शाळा पुन्हा उघडायला सुरुवात केली.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. ती भिवपुरीजवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी सकाळी कामावर निघतो तेव्हा तिकडे साडेआठ तास पुढची संध्याकाळ असते आणि ती भाकऱ्या थापत असते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ‘पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, माझ्या फोनवर व्हिडिओ लागतात, पोरं हुशार आहेत. प्रोजेक्टरचं तेवढं बघ की.’

तिच्या शाळेला कुण्या दात्यानं प्रोजेक्टर दिला, फोटो काढले, नारळ फुटला. दुसऱ्या पावसाळ्यात तो बंद पडला. दुरुस्तीचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून तो कपाटात आहे, गाठोड्यात बांधून. वर उदबत्तीची राख पडलेली असते, कारण कपाटावर सरस्वतीची तसबीर आहे.

इथे बसून मला तो दुरुस्त करता येत नाही. पण भिवपुरी रोड स्टेशनवर रोज सकाळी कर्जत लोकलमधून अभियांत्रिकीची कितीतरी मुलं उतरतात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगतो: स्टेशनपासून वाड्या लांब नाहीत. दोघं-तिघं मिळून जा, सोबत एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते.