वाळवंटांतील मुक्काम

मराठी भाषेंत ‘वाळवंट’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. राजस्थानांतील मरुभूमि हें जसें वाळवंट, तसें पंढरपुरास चंद्रभागेच्या पात्रांत वारकरी जेथें जमतात तेंहि वाळवंटच. एकांत पाणी मिळत नाहीं म्हणून माणसानें सावध राहावयाचें, दुसऱ्यांत तें केव्हां वाढेल याचा नेम नाहीं म्हणून. परंतु हा भेद वरवर दिसतो तितका पक्का नाहीं. मरुभूमींतील कोरडे ओढे दूरच्या डोंगरांवर पडलेल्या पावसानें एकाएकीं भरून वाहूं लागतात. डोक्यावर आकाश निरभ्र असतें, आणि पाणी मात्र येऊन ठेपतें. म्हणून तेथील जाणता माणूस ओढ्याच्या तळांत कधींहि तंबू ठोकीत नाहीं. मित्रमंडळीसह उघड्यावर रात्र काढूं इच्छिणाऱ्यांनीं हा धडा घेण्यासाठीं मरुभूमीपर्यंत जाण्याची गरज नाहीं. रायगड जिल्ह्यांतील कोलाड येथेंहि तो शिकतां येतो.

कोलाड हें रोहा तालुक्यांतील गांव मुंबईहून सुमारें १२० किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. कोंकण रेल्वेचें स्थानकहि तेथें आहे. जवळून कुंडलिका नदी वाहते. सह्याद्रीच्या कड्यांखालीं भिऱ्याच्या परिसरांत उगम पावून ती रोह्यावरून पुढें रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्यें समुद्रास मिळते. अलीकडे रबरी तराफ्यांतून या नदीच्या वेगवान प्रवाहांत उतरण्याचा खेळ येथें रुजला असून, त्यासाठीं शहरांतील तरुण मंडळी शनिवारीं येतात, कांठीं तंबूंत राहतात आणि रविवारीं सकाळीं पाण्यांत उतरतात.

आतां कोंकणांतील बहुतेक नद्या पावसाळा सरला कीं रोडावतात. मग कुंडलिकेस ऐन उन्हाळ्यांत तराफे वाहून नेण्याइतकें पाणी कोठून येतें? याचें उत्तर घाटावर आहे. मुळा ही वस्तुतः पूर्ववाहिनी नदी. तिचें पाणी भीमेंतून कृष्णेस आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जावयाचें. परंतु टाटा कंपनीनें मुळशी येथें धरण बांधून तें अडविलें, बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस वळविलें, आणि सुमारें ५०० मीटर खालीं भिरा येथील वीजघरांत आणून सोडलें. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या व दिवे यांना या तिन्हींनीं वीज पुरविली. भिऱ्याच्या खालीं याच पाण्यावर चालणारें ८० मेगावॉट शक्तीचें दुसरेंहि वीजघर पुढें उभें राहिलें.

वीज मागणीप्रमाणें तयार करावी लागते. मागणी वाढली कीं चक्रांवर अधिक पाणी सोडावयाचें, कमी झाली कीं आवरतें घ्यावयाचें. अशा रीतीनें वापरलेलें पाणी खालच्या बंधाऱ्यांत सांठवून नदींत सोडलें जातें. बहुधा तें सकाळीं सुटतें, म्हणूनच तराफ्यांचा खेळहि सकाळींच चालतो. थोडक्यांत, पावसाळा वगळला तर या नदीचें चढणें-उतरणें मेघांवर अवलंबून नसून वीजघराच्या कामावर अवलंबून आहे.

मुक्काम करणाऱ्यांना ही गोष्ट नीट समजली पाहिजे. संध्याकाळीं मंडळी येऊन पोंचतात तेव्हां पाणी उतरलेलें असतें. पात्रांतील खडक व गोटे उघडे पडलेले असतात. एखादी सपाट, स्वच्छ जागा दिसते, आणि तंबू येथेंच टाकावा असा मोह होतो. परंतु ती जागा स्वच्छ आहे ती पाणी तिला रोज धुतें म्हणून! पाणी कोठवर येतें याच्या खुणा नदीच सांगत असते. दगडांवरील ओलाव्याची रेघ, झुडपांना अडकलेला काडीकचरा, आणि जेथून बारमाही गवत सुरू होतें ती कड, या तिहींच्या पुष्कळ वर तंबू असावा. पाणी सोडण्याची वेळ गांवकऱ्यांना किंवा तराफे चालविणाऱ्यांना विचारून घ्यावी. कालची वेळ आज पाळली जाईलच असें धरूं नये. रात्रीं पात्रांत उतरूं नये. पावसाळ्यांत तर धरणांतील विसर्ग व डोंगरांवरील पाऊस एकत्र येतात, म्हणून त्या दिवसांत नदीकांठचा मुक्काम टाळणेंच शहाणपणाचें.

थंडीच्या दिवसांत येथील रात्रीचें दुसरें वैशिष्ट्य अनुभवास येतें. मरुभूमींत हवा कोरडी असल्यामुळें दिवसा तापलेली वाळू सूर्यास्तानंतर आपली उष्णता झपाट्यानें आकाशांत सोडून देते आणि कडक थंडी पडते. कोलाडची हवा दमट. हवेंतील बाष्प उष्णतेस पुष्कळसें अडवितें, त्यामुळें थंडी बेताची राहते; परंतु तेंच बाष्प गार झालेल्या कापडावर दंव होऊन सांचतें. शिवाय गार हवा जड असल्यानें उतारावरून ओघळून दरीच्या तळाशीं जमते. तेव्हां नदीपासून थोडें उंचावर राहिल्यानें पुराचें भय टळतें आणि अंथरूणहि कोरडें राहतें, असा दुहेरी लाभ आहे.

या मोसमांतील रात्रीचें खरें सुख म्हणजे पोपटी. शेतांत वालाच्या शेंगा भरल्या कीं रायगड जिल्ह्यांत मित्रमंडळी रात्रीं शेतांत जमून पोपटी लावतात. मातीच्या मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडीं, आणि चालत असेल तेथें मसाला लावलेली कोंबडी रचतात. मडक्याचें तोंड पुन्हां त्याच पाल्यानें गच्च बंद करून तें जमिनीवर पालथें घालतात आणि भोंवतीं गवत-पालापाचोळा पेटवितात. आंत पाण्याचा थेंबहि नसतो. पाला व शेंगा यांच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होते, ती मडक्यांतच कोंडली जाते, आणि पाल्याचा उग्र सुगंध घेऊन सर्व जिन्नस शिजतात. अर्ध्या तासानें मडकें उघडलें कीं केळीच्या पानावर ओतून सर्वांनीं एकत्र खावयाचें. एकट्यानें पोपटी लावण्याची रीत नाहीं. हें सोबतीचेंच अन्न आहे.

विस्तवाबरोबर जबाबदारी येते. वाळल्या गवताला ठिणगी पुरते, म्हणून जाळ पेटविण्यापूर्वीं भोंवतालची जागा साफ करावी आणि निजण्यापूर्वीं राखेवर पाणी ओतावें. ऊब हवी म्हणून पेटते निखारे बंद तंबूंत कदापि नेऊं नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि निजलेल्या माणसाला तो जागें होण्याची संधीहि देत नाहीं.

सर्पाविषयीं भयापेक्षां माहिती अधिक उपयोगी. मण्यार रात्रीं हिंडते आणि जमिनीवर निजलेल्यांस चावते. तिच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते कीं पुष्कळदां तो लक्षांतहि येत नाहीं. म्हणून तंबूची चेन बंद ठेवावी, जोडे झटकून पायांत घालावे, अंधारांत विजेरीवांचून पाऊल टाकूं नये. दंश झाल्यास जखम कापणें, चोखणें किंवा करकचून बांधणें हे प्रकार घातक आहेत. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हालूं देऊं नये आणि विलंब न लावतां प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत न्यावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

हें सर्व एकानें जाणून भागत नाहीं. दहा जणांच्या मेळाव्यांत ‘दुसरा कोणी पाहील’ असें प्रत्येकास वाटतें, आणि कोणीच पाहत नाहीं. यासाठीं निघण्यापूर्वींच एकास प्रमुख नेमावें. मंडळी मोजणें, पाण्याची वेळ विचारणें, विस्तव विझविणें हीं कामें नांवनिशीवार वांटून द्यावीं, आणि प्रमुखानें ‘नको’ म्हटलें तर तो शब्द अखेरचा मानावा.

सकाळीं पाणी चढूं लागतें आणि तराफे निघतात. त्या आनंदाच्या वेळीं आणखी एक स्मरण उचित होईल. हें पाणी अडविलें गेलें तेव्हां मुळशी खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी व गांवें बुडालीं. त्याविरुद्ध १९२१ सालीं सुरू झालेल्या सत्याग्रहाचें नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनीं केलें, आणि ‘सेनापति’ ही पदवी त्यांना त्याच लढ्यांतून मिळाली. कुंडलिकेच्या कांठीं रात्र काढणाऱ्यानें नदीचें पाणी कोठून येतें हें समजून घेणें स्वतःच्या जिवासाठीं आवश्यक आहे. तें कोणाच्या शेतांवरून येतें हें जाणणें, त्या शेतकऱ्यांचें आपण कांहीं देणें लागतों म्हणून.