संगणक उशिरा का जागा होतो?

आमच्या सिद्धेश्वरच्या कामगार कचेरीतला संगणक कळ दाबल्यावर मिनिटभराहून अधिक काळ काळा पडदा दाखवीत बसे. यंत्र म्हातारे झाले, असा सर्वांचा निवाडा. वर्गणीतून नवे घेण्याचेही ठरत आले. आम्ही म्हटले, येलदरीचे पाणी सिद्धेश्वरला उशिरा पोचले तर आपण नवे धरण बांधीत नाही. आधी चौकशी होऊ द्या.

संगणकात लिनक्स होते. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली विद्यार्थिदशेत लिहावयास घेतला. जागा होताना हा कर्नल रोजनामा ठेवतो. प्रत्येक ओळीपुढे आरंभापासूनचे सेकंद असतात. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली की तो वाचावयास मिळतो. आमच्या रोजनाम्यात आकडा २ वरून एकदम ६२ वर गेलेला!

पण खंडाआधीची ओळ गुन्हेगार असतेच असे नाही. हजेरीपटावरचे शेवटचे नाव पाहून मेमो बजावणारे मुकादम आम्ही थोडे पाहिलेले नाहीत. म्हणून कर्नलला 'इनिटकॉल डीबग' अशी सूचना देऊन पुन्हा उठविले. मग प्रत्येक काम केव्हा सुरू झाले, किती मायक्रोसेकंदांनी परतले, हे तो लिहितो. बिनतारी जाळ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर सहा कोटींनी परतला होता. त्याला डिस्कवरची एक फाइल हवी होती. डिस्क तर अजून उघडलीच नव्हती. बिचारा ठरलेली साठ सेकंदांची मुदत संपेपर्यंत ताटकळे. त्याला गाभ्यातून काढून स्वतंत्र मॉड्यूल केले, म्हणजे डिस्क उघडल्यावरच त्याची हाक येते. साठ सेकंद गेले. वर्गणी पेटीतच राहिली.