आतड्याच्या कर्करोगाचे ‘ऑर्गनॉइड’ : आशा व मर्यादा

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचा रुग्ण पुणतांबा परिसरातून पुण्या-मुंबईस पाठविला जातो, तेव्हा आप्तांचा पहिला प्रश्न असतो, ‘औषध लागू पडेल ना?’ खात्रीचे उत्तर बहुधा केमोथेरपी सुरू झाल्यावरच मिळते. तोवर रुग्णाची शक्ती व कुटुंबाची पुंजी दोन्ही खर्ची पडतात. हे उत्तर आधीच मिळावे, यासाठी चाललेल्या संशोधनाचा हा अल्प परिचय.

सन २००९ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे तोशिरो सातो व हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील एका मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढविली. हाच ऑर्गनॉइड. २०११ मध्ये मानवी आतड्याच्या व कर्करोगाच्या पेशींबाबतही हे साध्य झाले. गाठीचा ताजा तुकडा घेऊन त्यातील पेशी जेलीसारख्या द्रव्यात ठेवतात व पोषक द्रव्ये देतात. काही आठवड्यांत त्यांचे सूक्ष्म गोळे तयार होतात आणि त्यांवर निरनिराळी औषधे पडताळता येतात. पेशी जिवंत असणे आवश्यक असल्याने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना यासाठी उपयोगी पडत नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगावरील एका अभ्यासात ऑर्गनॉइडवर निष्प्रभ ठरलेली औषधे रुग्णांतही निष्प्रभ ठरली. मात्र २०१९ च्या डच अभ्यासात इरिनोटेकान या औषधाचा अंदाज बहुतांशी बरोबर आला, तरी फ्लुरोयुरॅसिल व ऑक्सॅलिप्लॅटिन या जोडीचा आला नाही. गोळ्यात रक्तवाहिन्या वा प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, ही त्याची मोठी उणीव होय. भारतात २०२३ च्या नियमदुरुस्तीने नव्या औषधांच्या प्राथमिक चाचण्यांत ऑर्गनॉइडचा वापर मान्य झाला आहे. तथापि रुग्णाचे औषध ठरविण्याची ही अद्याप नित्याची पद्धत नव्हे. म्हणून या चाचणीसाठी कोणी जमीन वा दागिने मोडू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

आज हाती असलेला खात्रीचा उपाय म्हणजे वेळीच निदान. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल, अकारण वजन घटणे वा रक्तक्षय ही लक्षणे मूळव्याध समजून अंगावर काढू नयेत. दुर्बिणीच्या तपासणीत आढळलेला कोंब वेळीच काढल्यास कर्करोग टळू शकतो. देणगीदारांच्या औदार्याचे सार्थक अशा वेळेवर झालेल्या तपासणीतच आहे.