धुराड्याची चूल निर्धोकपणे कशी बसवावी

2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅस पुष्कळ घरी पोहोचला आहे. तथापि पाणी तापविणे, भाकरी भाजणे आणि हिवाळ्यात ऊब घेणे यांसाठी पऱ्हाट्या, तुराट्या व लाकूड जाळणारी चूल खेड्यात अद्यापि पेटते. तिचा धूर बाहेर नेण्यासाठी धुराडे असते. परंतु ते चुकीचे बसल्यास धूर घरातच कोंडतो आणि तापलेल्या नळीमुळे छपरास आग लागण्याचा संभव असतो. यास्तव चूल घालण्याइतकीच काळजी धुराडे बसविताना घ्यावी.

तापलेला धूर हलका असल्यामुळे वर चढतो व आपल्यामागे चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढून घेतो. नळी जितकी सरळ व उंच, तितकी ही ओढ चांगली. नळीस अनेक वाकणे दिल्यास ओढ मंदावते. घरगुती चुलीस सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाची नळी बहुधा पुरते.

चुलीची जागा बाहेरच्या भिंतीलगत असावी. मात्र ती भिंत कुडाची असल्यास चुलीमागे विटामातीची आडभिंत घालावी. ज्या माळ्यावर कडबा किंवा गोवऱ्या रचलेल्या असतात, त्याखाली चूल घालू नये. दाराच्या थेट वाऱ्यासमोरही ती नसावी.

नळी पत्र्याची किंवा साध्या सिमेंटची घ्यावी. पूर्वी ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्या वापरीत. त्यांची धूळ फुफ्फुसांस घातक असल्याने तशी नळी नव्याने बसवू नये व जुनी असल्यास ती कापू अथवा फोडू नये. कौलारू घरात नळी वासे व रिपा यांपासून निदान एक वीत दूर ठेवावी आणि भोवतालची फट चिंध्यांनी न बुजविता पत्र्याने झाकावी. गवती छपरातून नळी कदापि नेऊ नये. ती मातीच्या भिंतीतून बाहेर काढून वळचणीपासून हातभर अंतरावर उभी करावी. नळीचे टोक आढ्यापेक्षा सुमारे 1 मीटर उंच असावे व त्यावर पावसासाठी टोपी बसवावी.

मातीची चूल घातल्यावर ती सावलीत आठवडाभर वाळू द्यावी. लगेच मोठा जाळ केल्यास तडे जातात. नंतर दोन्ही वैलांवर भांडी ठेवून लहान जाळ करावा. चुलीच्या तोंडाशी धुमसते काडूक धरले असता धूर आत ओढला गेला, तर धुराडे चालते असे समजावे. धूर बाहेर आल्यास फटी लिंपाव्यात व नळी मोकळी आहे की नाही ते पाहावे.

काजळीने नळी अरुंद होते, तसेच काजळी स्वतः पेटही घेते. म्हणून चूल थंड असताना महिन्यातून एकदा काथ्याचा कुंचा दोरीस बांधून नळी झाडावी. ओले लाकूड जाळल्यास काजळी लवकर साचते.

धुराहूनही मोठा धोका न दिसणाऱ्या वायूचा असतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो व वासही नसतो. बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी शेगडी ठेवून दारे-खिडक्या बंद करण्याची चाल अनेक घरी आहे. त्यात माता व बालक दोघांच्याही जिवास धोका असतो. डोके दुखणे, मळमळणे व गुंगी येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी रोग्यास तत्काळ उघड्या हवेत आणावे व विनाविलंब दवाखान्यात न्यावे. निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढण्याचा नियम घरोघरी पाळला जावा.

1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात बसविलेल्या अनेक चुली पुढे देखभालीअभावी निकामी झाल्या. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चूल बसवून देण्यावर न थांबता, महिन्याने पुन्हा त्या घरी जावे आणि नळी झाडण्याची रीत गृहिणीसह घरातील पुरुषांसही प्रत्यक्ष करून दाखवावी.