जनगणनेत माहिती देणे सक्तीचे आहे का? १९४८ चा कायदा काय सांगतो?

२०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात आला, तर उत्तर द्यावेच लागते का? जाणून घ्या.

नकार देता येतो?
नाही. जनगणना कायद्याच्या कलम ८ नुसार, माहीत असेल ते खरे सांगणे बंधनकारक आहे. नकार दिल्यास किंवा जाणूनबुजून खोटे सांगितल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अपवाद कोणता?
घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती नाही. रूढीमुळे पतीचे नाव न घेणाऱ्या स्त्रीलाही सूट आहे. म्हणजे नाव फक्त उखाण्यात घेण्याची रीत कायद्यालाही मान्य आहे!

माहिती गोपनीय राहते?
होय. कलम १५ नुसार तुमची नोंद कुणालाही पाहता येत नाही. या कायद्याखालील खटला वगळता ती न्यायालयात पुरावा ठरत नाही. परवानगीशिवाय माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

मग २०२१ ची जनगणना कशी रखडली?
दर दहा वर्षांनी जनगणना घ्यावीच, असे कायद्यात कुठेही नाही. कलम ३ नुसार ती कधी घ्यायची, हे केंद्र सरकार ठरवते. थोडक्यात, उत्तराची सक्ती नागरिकावर आहे. वेळेची सक्ती सरकारवर नाही.