बेगमी आणि साठेबाजी

महागाईवर घरापुरता तोडगा म्हणून धान्य, डाळी, तेल आणि साखर वर्षभराची भरून ठेवावी, असा सल्ला आजकाल जो तो ज्याला त्याला देत असतो. दर पुढे चढणारच, तेव्हा आज घेतलेले पोते म्हणजे उद्याची बचत, असा हा सरळ हिशेब आहे. तो मांडणारी माणसे संसारी असतात आणि त्यांच्या काळजीला कारणही सबळ आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यात देशातील अन्नपदार्थांची महागाई आदल्या वर्षीच्या मानाने साडेअकरा टक्क्यांवर गेली होती. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर जाते. ज्या घराचा निम्मा खर्च चुलीपाशी होतो, त्याने रिकाम्या डब्यांकडे पाहून धास्तावावे यात नवल ते काय? परंतु हा उपाय खरोखर उपाय आहे काय, आणि असल्यास कोणासाठी, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

गोमंतकीयांना बेगमीचे धडे देण्याचे कोणाला कारण नाही. आमच्याकडे तिला ‘पुरुमेंत’ म्हणतात. हे नाव पोर्तुगीज भाषेतील ‘तरतूद’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले असले, तरी रीत त्या राजवटीहून जुनी असली पाहिजे. कारण ती राजाने नव्हे, पावसाने घालून दिलेली आहे. मृग लागण्यापूर्वी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावचे पुरुमेंताचे फेस्त यांत सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, सोले, चिंच, कुळीथ, गावठी मीठ, सुके बांगडे आणि सुंगटे यांचे ढीग लागतात. घरोघरी पापड लाटले जातात, आंब्याची साठे उन्हात पडतात, खारातल्या कैऱ्यांच्या बरण्यांना दादरे बांधले जातात. पूर्वी नद्यांना पूर आला की तरी बंद पडत, घाटरस्ते खचत आणि दर्या तर कोणालाच आत घेत नसे. आजही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घर चालावे, एवढाच या साठवणीचा हेतू होता.

या रीतीत एक शहाणे अर्थशास्त्र दडलेले होते, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जो जिन्नस ज्या महिन्यात भरपूर पिकतो, तो त्याच महिन्यात घ्यावयाचा, असा तिचा नियम. कोकम पिकते ते एप्रिल-मे महिन्यांत. मिठागरातले मीठही उन्हाळ्यातच निघते. नवी चिंच आणि नवी मिरची तेव्हा बाजारात आलेली असते. माल मुबलक असताना गिऱ्हाईक घरी न्यायला येते, म्हणून पिकवणाऱ्याच्या हातात पावसापूर्वी चार पैसे पडतात, आणि घेणाऱ्याला तो स्वस्त मिळतो. कोणाचे काही हिरावले जात नाही. अर्थात त्या जुन्या काळाचेही सोनेरी चित्र रंगविण्याचे कारण नाही. भाटकाराच्या कणगीत भात दसऱ्यापर्यंत पुरे. गरीब मुंडकाराची कणगी श्रावणातच तळ दाखवी, आणि मग वाढीदिढीने उचललेले भात सुगीत फेडावे लागे. साठवण ज्याची त्याची ऐपत पाहूनच होत असे, हे तेव्हाही खरे होते.

आज परिस्थिती पालटली आहे. गोव्याच्या डब्यातले बहुतेक जिन्नस घाटापलीकडून आणि काही तर समुद्रापलीकडून येतात. भाजीचे ट्रक बेळगावहून चोर्ला घाट उतरतात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल महागले. त्याच वर्षी २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखून धरली. आमच्या फोडणीचा भाव असा काळ्या समुद्राकाठी आणि जकार्तात ठरला. त्या उन्हाळ्यात घाबरून ज्यांनी तेलाचे डबे भरले, त्यांना पुढच्या वर्षभरात दर उतरताना पाहावे लागले. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली आणि पुढील दोन महिन्यांत तो पुन्हा मातीमोल झाला. ऋतूचे चक्र ठाऊक असते, म्हणून पुरुमेंत चुकत नाही. बाजाराचे चक्र मात्र व्यापाऱ्यांनाही धड कळत नाही, तेथे घरखर्चाची वही सांभाळणाऱ्याने पैज का लावावी?

हिशेबही करून पाहावा. समजा, एका घराला वर्षभरात सहा हजार रुपयांची डाळ लागते आणि वर्षअखेर तिचा भाव सावकाश दहा टक्क्यांनी चढणार आहे. दरमहा थोडी थोडी डाळ घेणाऱ्याला सगळीच डाळ दहा टक्के महाग पडत नाही. सरासरीने पाच टक्के, म्हणजे सुमारे तीनशे रुपये अधिक पडतात. सारे पोते आधी घेणाऱ्याची बचत ती एवढीच. त्यातला विसावा हिस्सा किडीने खाल्ला की ती संपली. आणि पोत्यासाठी पैसे व्याजाने काढले असतील, तर बचत राहिली बाजूलाच, उलट पदरचे गेले. बाजार चढलेला असताना केलेल्या साठवणीत तथ्य थोडे आणि समाधान अधिक, असाच याचा अर्थ होतो. सुगीच्या दिवसांत, भाव पडलेले असताना केलेल्या खरेदीची गोष्ट वेगळी. नवी तूर साधारणपणे जानेवारीपासून, हरभरा मार्च-एप्रिलमध्ये, टिकाऊ उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात आणि नवे भात दिवाळीच्या सुमारास येते. खरी बचत आहे ती या वेळा साधण्यात.

त्यातून आमची हवा साठवणीला अनुकूल नाही. आषाढात भिंतींना ओल सुटते, तेथे डब्यातले धान्य कोरडे कसे राहावे? आमच्या आज्या धान्याला कडक ऊन दाखवीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला त्यात घालीत, तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवीत. दळलेल्या पिठापेक्षा सबंध गहू, सडलेल्या तांदळापेक्षा भात आणि भरडलेल्या डाळीपेक्षा कडधान्य अधिक टिकते, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. सदनिकेच्या दोन खोल्यांत ऊन येते कोठून आणि अंगण आणावे कोठून? ओलसर शेंगदाण्यावर धरणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असून साध्या शिजवण्याने पुरते नाहीसे होत नाही. फोडलेल्या डब्यातले तेल दिवसेंदिवस खवट होते. खराब झालेले धान्य टाकवत नाही म्हणून खाणे, ही काटकसर नव्हे.

याहून गंभीर प्रश्न शेजाऱ्याचा आहे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली, तेव्हा गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेदेखील बंद राहिली. ज्यांची कपाटे भरलेली होती त्यांचे निभावले. रोजच्या मजुरीतून रोजचा शिधा आणणाऱ्या, भाड्याच्या एका खोलीत चौघे-पाच जण राहणाऱ्या कामगारांनी काय करावे? त्यांच्यापाशी साठवायला पैसाही नाही आणि जागाही नाही. टंचाईची कुणकुण लागताच ऐपतदार घरे दुकानातील फळ्या रिकाम्या करतात, त्या रिकाम्या फळ्यांमुळे भाव चढतात, आणि ते चढलेले भाव द्यावे लागतात ते मागाहून येणाऱ्या गरीब गिऱ्हाइकाला. भीतीपोटी केलेली खरेदी ज्या टंचाईला भिते, तीच टंचाई निर्माण करते.

हा नुसता तर्क नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या वर्षी प्रांतात धान्याचा खडखडाट होता असे नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. युद्धकाळातील भाववाढ, नफेखोरी आणि घबराटीची साठवण यांमुळे तांदूळ शेतमजुरांच्या आवाक्याबाहेर गेला, आणि सरकार वेळेवर हलले नाही. आज तसा प्रसंग नाही आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब घराला धान्याचा हक्कही दिला आहे. तरीही ते उदाहरण विसरून चालणार नाही.

म्हणूनच साठेबाजीवरील नियंत्रण ही सरकारची जबाबदारी ठरते. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला. २०२० साली तो सैल करण्यात आला. अन्नधान्य, डाळी, तेले यांचे भाव निम्म्याने, किंवा कांदा-बटाट्यासारख्या मालाचे दुपटीने चढल्यावाचून सरकारने साठ्याला हात लावू नये, असे ठरले. शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ च्या अखेरीस इतर दोन कृषी कायद्यांबरोबर ही दुरुस्तीही रद्द झाली. २०२३ च्या जूनमध्ये गव्हाच्या साठ्यावर मर्यादा आली ती याच कायद्याखाली. अधिकार आहे, प्रश्न आहे तो वेळेचा. कोठारे भरत असताना डोळेझाक करावयाची आणि भाव भडकल्यावर निर्यातबंदीचे हत्यार उपसावयाचे, ही पद्धत आम्हांस मान्य नाही. २०२३ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या मेपर्यंत कांद्याची निर्यात बंद राहिली, तिचा फटका नाशिकच्या शेतकऱ्याला बसला. शहराची स्वस्ताई पिकवणाऱ्याच्या खिशातून काढली जाऊ नये.

मग सामान्य कुटुंबाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या; आपापल्या घराचे डबे भरण्यापुरता विचार त्यांनी केला नाही. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि कुटुंबांनी गट करून एकत्र खरेदी व वाटप करण्याचा पायंडा पडला. गोव्यातही बागायतदारांच्या सहकारी संस्थेची दुकाने आणि फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाळे लोकांच्या परिचयाचे आहेत. वाड्यावरची पंधरा-वीस घरे, गावातले महिला मंडळ किंवा देवस्थानची समिती यांनी पुढाकार घेऊन सुगीच्या वेळी डाळ, मिरची, कांदा एकत्र आणावा. ज्याला एकदम पैसे देणे जमत नाही, त्याच्याकडून ते चतुर्थीपर्यंत हप्त्याने घ्यावेत. अशा साठवणीत हातावर पोट असलेल्या घरालाही वाटा मिळतो, आणि एकट्या घराला न मिळणारा घाऊक भाव गटाला मिळतो.

आणखी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. बांध फुटून खारे पाणी शिरलेली खाजन शेते जागोजागी पडीक आहेत. पोटाला लागणारा तांदूळ बाहेरून आणावयाचा आणि शेत पडीक ठेवावयाचे, अशा प्रदेशात महागाईची तक्रार अर्धीच खरी असते. बांध दुरुस्त करणे, गावठी मीठ आणि गावठी मिरची आवर्जून घेणे, हीदेखील एक प्रकारची बेगमीच आहे.

महिन्या-दोन महिन्यांचा शिधा घरात असावा. पाऊस, आजारपण, अडीअडचण यांसाठी तो असणे शहाणपणाचे आहे. ऋतूचा जिन्नस ऋतूत घ्यावा, कर्ज काढून घेऊ नये, आणि अफवा उठली की पिशवी घेऊन धावू नये. दुकानात शेवटची दोनच पाकिटे उरली असतील, तर त्यांतले एक मागे उभ्या असलेल्या माणसासाठी राहू द्यावे.