आपल्याला न्याहाळणारी माणसं

मागच्या वेळी आपण चेहरा आणि व्यक्ती यांतल्या फरकाशी थांबलो होतो. आज एक प्रदर्शन घेऊ. रिचर्ड अ‍ॅव्हेडन हा न्यूयॉर्कचा नावाजलेला फॅशन छायाचित्रकार. १९७९ ते १९८४ या काळात त्याने पश्चिम अमेरिकेतले खाणकामगार, कत्तलखान्यातले मजूर, भटके यांचे कृष्णधवल फोटो काढले. कॅमेरा ८ बाय १० इंच निगेटिव्हचा. नेहमीच्या रोल फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळ जवळजवळ ६० पट. म्हणून फोटो माणसाहून मोठा केला तरी चेहऱ्यावरचा कोळसा कणन्‌कण दिसतो. १९८५ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात ते भिंतीवर लागले.

आता बघा काय होतं. एरवी फोटो आपण हातात धरतो, इथे मान वर करावी लागते. रस्त्यात ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तोच आपल्याला न्याहाळतोय. पण मागे नुसता पांढरा कागद! खाण नाही, घर नाही, मालकही नाही. परका माणूस येऊन यांना वापरून गेला, अशी टीका झालीच. आम्हाला ती अर्धीच पटते. कागदाने त्यांचा परिसर काढून घेतला, खरंय. पण ‘बिचारे’ म्हणून पुढे सरकायची आपली सोयही काढून घेतली. शिवाय त्या फोटोंची शीर्षकं काय आहेत? नाव, धंदा, ठिकाण, तारीख. बस्स, एवढंच.